संक्रांतीला बी, शिवजयंतीला रोप : घरातून रोपविक्री सुरू करताना



या आठवड्याच्या व्हिडिओत ट्रे कसा भरायचा, बी कसं टोचायचं, हे मी हातानं करून दाखवलं. पण व्हिडिओत आकडे पळून जातात. म्हणून तारखा, तापमान आणि हिशेब इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करू.

माझी पहिली ऑर्डर

रोपांच्या धंद्यातलं माझं पहिलं वर्ष. शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्यानं मिरचीच्या ४,००० रोपांची ऑर्डर दिली, ॲडव्हान्सही दिला. लागणीची तारीख १ फेब्रुवारी. मी पुस्तकी हिशेब केला. मिरचीचं रोप ४० दिवसांत तयार होतं, म्हणजे २२ डिसेंबरला बी टाकलं की झालं. ९८ कपांचे ४५ ट्रे भरले आणि अंगणात शेडनेटखाली मांडून ठेवले.

रात्री पारा ९-१० अंशांवर जात होता. आठ दिवस झाले, काही नाही. पंधरा दिवस झाले, काही नाही. रोज सकाळी झारीनं पाणी घालायचो आणि वाकून बघायचो. एकविसाव्या दिवशी दोन-चार कप उकरून पाहिले. बी शाबूत होतं, पण हललेलं नव्हतं. चोविसाव्या दिवशी कुठे कोंब दिसायला लागले, तेही विरळ.

एकविसाव्या दिवशीच, म्हणजे १२ जानेवारीला, मला कळलं होतं की तारीख गाठणार नाही. पण मी फोन केला नाही. म्हटलं, ऊन वाढेल, रोपं धावतील, निभावेल. फोन केला तो २९ जानेवारीला. तोवर त्या माणसानं बेड ओढले होते, ड्रिप तपासून घेतलं होतं, मल्चिंग पेपरला भोकंही पाडून ठेवली होती.

ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पाव्हणं, ॲडव्हान्स राहू द्या तुमच्याकडं. हे मला संक्रांतीला सांगितलं असतं तर मी दुसरीकडं बघितलं असतं. माझे पंधरा दिवस तेवढे द्या परत."

पैसे मी परत केले. पंधरा दिवस कुठून देणार?

त्या दिवशी मला धंदा कळला. गिऱ्हाईक आपल्याकडून रोप घेत नाही, दिवस विकत घेतं. बी तर त्यालाही दुकानात मिळतं. महिनाभर सांभाळून, ठरलेल्या तारखेला, लागणीला तयार असं रोप हातात देणं, याचे तो पैसे मोजतो. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

आपल्याकडे घाई कसली?

इंटरनेटवर घरात बी उगवण्याचे व्हिडिओ बघितले तर बहुतेक थंड देशांतले असतात. त्यांची अडचण वेगळी आहे. बाहेर बर्फ असतो, कडाका संपेपर्यंत रोप बाहेर ठेवता येत नाही, म्हणून ते घरात रोप वाढवून थंडी जायची वाट बघतात.

आपलं उलट आहे. आपल्याला उन्हाळ्याच्या आधी पोचायचं असतं. पारा ३५ च्या पुढे गेला की टोमॅटोची फुलं गळायला लागतात, फळ नीट धरत नाही. मार्चअखेरीस लावलेलं रोप एप्रिल-मेच्या तापात फुलावर येतं. झाड हिरवंगार दिसतं, फळ मात्र मोजकंच. तेच रोप फेब्रुवारीत लागलं तर मार्चमध्ये, ऊन कडक होण्याआधी, पहिली फुलं धरतात.

म्हणजे रोप फेब्रुवारीत तयार हवं. त्यासाठी बी जानेवारीत पडायला हवं. आणि पुणे, नाशिक, नगरकडे जानेवारी म्हणजे रात्रीची थंडी. सगळी गोम इथे आहे: ज्या महिन्यात बी टाकायची घाई, त्याच महिन्यात बी आळशी.

किती आळशी, ते बघा. एकसारखं तापमान ठेवलं तर कोंब वर यायला साधारण एवढे दिवस लागतात:

टोमॅटो : १० अंशांना ४३ दिवस, १५ अंशांना १४ दिवस, २० अंशांना ८ दिवस, २५ अंशांना ६ दिवस.

मिरची आणि सिमला मिरची : १५ अंशांना २५ दिवस, २० अंशांना १३ दिवस, २५ अंशांना ८ दिवस.

मिरचीची ओळ पुन्हा वाचा. १५ अंशांना २५ दिवस. माझी चोवीस दिवसांची गोष्ट इथेच लिहिलेली आहे, फक्त मी ती उशिरा वाचली. १५ वरून २५ अंशांवर नेलं की मिरचीचे सतरा दिवस वाचतात. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. घरातली एक बंद खोली पुरते.

तारीख उलटी मोजा

आधी बी, मग तारीख, असं करू नका. आधी रोप द्यायची तारीख ठरवा आणि तिथून मागे या. मी लक्षात राहायला सोपे दिवस धरतो: १९ फेब्रुवारी, शिवजयंती.

मिरची, सिमला मिरची : एकूण ४५ दिवस धरा. ५ जानेवारीच्या आत बी.
वांगी : ४० दिवस धरा. १० जानेवारीच्या आसपास बी.
टोमॅटो : ३५ दिवस धरा. संक्रांतीला बी.
काकडी, दोडका, कारली : १२ ते १५ दिवस पुरतात. यांचं बी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, मोठ्या कपांच्या म्हणजे ५० कपांच्या ट्रेमध्ये. वेलवर्गीय रोपांची मुळं दुखावली की ती रुसतात, म्हणून जास्त दिवस ट्रेमध्ये ठेवू नका.

भेंडी, गवार, कोथिंबीर यांच्या नादी ट्रेमध्ये लागू नका. ती जागेवरच टोचायची पिकं.

वरच्या दिवसांत थंडीसाठी थोडी सूट आधीच धरली आहे. तरीही गिऱ्हाइकाला तारीख सांगताना आणखी सात दिवस पुढची सांगा. लवकर दिलेल्या रोपाचं कौतुक होतं. उशिरा दिलेल्या रोपाचं काय होतं, ते वर सांगितलंच.

बी घेताना

पाकिटावरचा मजकूर वाचायची सवय लावा. वाण, उगवणक्षमता, चाचणीची तारीख, वैधतेची तारीख हे सगळं तिथे छापलेलं असतं. बियाणे अधिनियम १९६६ मधलाच आहे. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण टोमॅटो आणि वांग्याला ७० टक्के, मिरचीला ६० टक्के धरलेली आहे. म्हणजे किमानच मिळाली तर १०० कपांत मिरचीची साठच रोपं. बिलावर लॉट नंबर लिहून घ्या आणि पाकीट फेकू नका.

मोठं पाकीट फोडण्याआधी २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवा. टोमॅटोला आठवडाभर, मिरचीला दहा-बारा दिवस द्या आणि किती मोड आले ते मोजा. वीसपैकी बारा आले तर ६० टक्के. ही चाचणी डिसेंबरातच उरका, म्हणजे बी बदलायला वेळ राहतो.

आणखी एक. लाल, निळं, हिरवं रंगवलेलं बी म्हणजे औषध लावलेलं बी. घरात काम करतोय म्हणून मुद्दाम सांगतो: हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा आणि स्वयंपाकाची वाटी-चमचा त्याला लावू नका.

घरातले पहिले आठ दिवस

१. कोकोपीट धुतलेला, कमी क्षाराचा घ्या. पाच किलोची वीट भिजवली की २५-३० ट्रे भरतात. ओलावा मुठीत तपासा: दाबल्यावर बोटांतून पाणी टपकू नये आणि मूठ उघडल्यावर गोळा फुटू नये.

२. ट्रे भरा, बोटानं अर्धा सेंटिमीटर खळगा करा, एका कपात एक बी टाका, वर कोकोपीटचा पातळ थर द्या. खोल पुरलेलं बी वर यायला दमतं.

३. प्रत्येक ट्रेवर पीक, वाण आणि तारखेची पट्टी लावा. "लक्षात राहील" असं म्हणू नका. राहत नाही.

४. ट्रे एकावर एक असे दहा रचा. टोमॅटोची थप्पी वेगळी, मिरचीची वेगळी, कारण दोघांचे दिवस वेगळे. सगळ्या थप्पीला प्लास्टिकचा कागद गुंडाळा, वरून पोतं किंवा जुनी गोधडी टाका. खोलीतली सगळ्यात उबदार जागा निवडा. फरशीवर थेट ठेवू नका, खाली फळी किंवा वीट द्या. रात्री फरशी थंडगार पडते.

५. थप्पी उन्हात ठेवू नका. ऊब मिळेल असं वाटतं, पण बंद प्लास्टिकमध्ये ऊन कोंडलं की बी शिजतं.

६. साधा डिजिटल थर्मामीटर आणा आणि त्याचं टोक मधल्या ट्रेजवळ ठेवा. सकाळी सहा आणि दुपारी तीन, दोन्ही वेळचे आकडे लिहा. खोलीत थंडी वाटतेय की नाही, हे आपल्या अंगावरून ठरवायचं नाही. आकड्यावरून ठरवायचं.

७. थप्पीत असताना पाणी घालायची गरज पडत नाही. टोमॅटो तिसऱ्या दिवसापासून आणि मिरची सहाव्या दिवसापासून रोज दोनदा उघडून बघा.

कोंबाचा पहिला वाकडा आकडा वर दिसला की त्याच दिवशी थप्पी मोडा. "अजून थोडी येऊ देत" म्हणून एक दिवस थांबलात तर आधी आलेली रोपं अंधारात लांबुडकी आणि पिवळी होतात. अशी रोपं पुढे कितीही सांभाळली तरी आडवी पडतात. खिडकीतला उजेडही पुरत नाही. ट्रे गच्चीवर किंवा अंगणात, जाळीखाली, भरपूर उजेडात न्या.

बाहेर काढल्यावर

जाळी ५० मेशची, कीटक अडवणारी हवी. साधं हिरवं शेडनेट सावली देतं, पांढरी माशी अडवत नाही. ही माशी रोपाला डसून पर्णगुच्छाचा विषाणू देऊन जाते आणि रोग दिसतो तो गिऱ्हाइकाच्या बागेत गेल्यावर. तिथे नाव खराब होतं ते आपलं.

पाणी सकाळी, बारीक झारीनं. संध्याकाळी घातलेलं पाणी थंडीत रात्रभर कपात साचून राहतं आणि मर लागते. देठ जमिनीलगत काळपट, बारीक होतो आणि रोप कोलमडतं. एक ट्रे लागला तर तो लगेच बाजूला काढा. कोकोपीट भरताना त्यात ट्रायकोडर्मा मिसळलेला असला तर हा त्रास कमी होतो.

कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसतंच. पेरणीनंतर बारा दिवसांनी आणि वीस दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला २ ते ३ ग्रॅम घेऊन द्या. शेवटचे चार-पाच दिवस पाणी कमी करा आणि ऊन वाढवा. रोप जरा कणखर होतं, प्रवासात मान टाकत नाही.

हिशेब : भरलेल्या कपाचा नाही, विकलेल्या रोपाचा

आता दहा ट्रेचा हिशेब करू. दर उदाहरणापुरते धरलेत, तुमच्या गावचे घाला.

९८० बिया, ४० पैशांप्रमाणे : ३९२ रुपये
कोकोपीट : १०० रुपये
ट्रे २४ रुपयांचा, चार वेळा वापरायचा, म्हणून ६ रुपये गुणिले १० : ६० रुपये
खत, औषध, किरकोळ : ४८ रुपये
एकूण : ६०० रुपये

नवीन माणूस इथे थांबतो आणि खूश होतो. ६०० भागिले ९८०, म्हणजे रोप ६१ पैशांना! पण दोन गोष्टी राहिल्या. एक, तुमचे कष्ट. रोज अर्धा तास, महिनाभर, म्हणजे १५ तास. तासाला ५० रुपये धरा : ७५० रुपये. खर्च झाला १,३५०. दुसरी, उगवण आणि मर. ८० टक्के उगवलं आणि त्यातलं आणखी दहा टक्के गेलं की हातात राहतात साधारण ७०० रोपं.

१,३५० भागिले ७००. रोप पडलं १ रुपया ९३ पैशांना.

हेच रोप शेतकऱ्याला दीड रुपयानं दिलं तर १,०५० रुपये येतात. कष्ट न धरता ४५० रुपये नफा दिसतो, पण धरले तर ३०० रुपये तोटा आहे. खूपजण वर्षभर हा "नफा" कमावत राहतात आणि शेवटी म्हणतात, सर, धंदा चालतोय पण पैसा दिसत नाही.

उलट, उगवण सुधारून ७०० ऐवजी ८५० रोपं हातात आली तर तेच रोप १ रुपया ५९ पैशांवर येतं. एक रुपयाही जास्त न घालता, फक्त ऊब आणि पाणी सांभाळून.

मग विकायचं कोणाला?

माझी ती उशीर झालेली मिरची मी आठवडे बाजारात कोपऱ्यात मांडून बसलो होतो. नाइलाज म्हणून. तिथे एक ताई आल्या, म्हणाल्या, "पाच रोपं द्या, गच्चीत लावायचीत." मी भाव सांगायच्या आधीच त्यांनी पन्नासची नोट पुढे केली. एका रोपाला दहा रुपये, आणि त्या खूश. का? कारण पाच रोपांसाठी मोठी रोपवाटिका त्यांना दारात उभं करत नाही आणि पाकीटभर बियांचं त्या करणार काय?

दहा-वीस ट्रेवाल्यानं लाखो रोपं करणाऱ्या रोपवाटिकेशी भावात भिडायचं नाही. आपलं गिऱ्हाईक गच्ची, गॅलरी आणि परसबागवालं. त्यांच्यासाठी दहा रोपांचा संच करा: चार टोमॅटो, तीन मिरची, तीन वांगी. कागदात गुंडाळा, लागणीच्या चार ओळी लिहिलेली चिठ्ठी द्या. समजा संच ८० रुपयांना आणि बांधणीला ५ रुपये गेले. हातात ७५. वरचा सगळा खर्च, तुमच्या कष्टासकट, १८ संचांत निघाला. उरलेली रोपं विकली गेली तर नफा. नाही गेली तरी झोप लागते.

शेतकऱ्याच्या ऑर्डरी जरूर घ्या, पण एक अख्खा हंगाम तुमच्या वहीत उतरल्यावर. त्या टप्प्यावर तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन परवान्याची चौकशी करा. भाजीपाला रोपवाटिकेसाठी राज्याची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आहे, तिचे सध्याचे निकषही तिथेच विचारा.

मोजणीचा दिवस

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा. बी टाकतानाच कॅलेंडरवर एका तारखेला गोल करा. टोमॅटोचा दहावा दिवस, मिरचीचा चौदावा. त्या दिवशी प्रत्येक ट्रेमधली उगवलेली रोपं मोजायची. अंदाज नाही, मोजणी.

आकडा ठरल्यापेक्षा कमी असेल तर त्याच संध्याकाळी ज्यांची ऑर्डर आहे त्यांना फोन करायचा. "उगवण कमी आहे. एवढी रोपं नक्की देईन, एवढी आठ दिवस उशिरा देईन. दुसरीकडून घ्यायची असतील तर ॲडव्हान्स आज परत करतो." एवढी तीन वाक्यं. जड जातं, मला माहिती आहे. पण त्या दिवशी फोन केला तर समोरच्याकडे अजून दिवस शिल्लक असतात. महिनाअखेरीस केला तर नसतात.

त्या शेतकऱ्यांकडे मी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. त्यांनी ऑर्डर दिली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी गेलो तेव्हा ५०० रोपांची दिली. मोजणीच्या दिवशी, सगळं नीट असूनही, मी त्यांना फोन केला आणि उगवणीचा आकडा सांगितला. ते म्हणाले, "बरं केलं सांगितलं." त्यानंतरच्या हंगामात ऑर्डर पुन्हा ४,००० ची झाली.

या आठवड्याचा गृहपाठ

१. घरातल्या तीन जागी रात्री थर्मामीटर ठेवा आणि सकाळी सहाचे आकडे लिहा. तुमची "उबवण खोली" ठरवा.
२. एका पाकिटातल्या २० बियांची फडक्यातली चाचणी लावा.
३. वरचा हिशेब तुमच्या गावच्या दरांनी करा, कष्ट धरून.
४. ओळखीतल्या दहा घरांना विचारा: फेब्रुवारीत रोपं हवीत का, कोणती, किती?

चौथ्या प्रश्नाला किती "हो" येतात ते बघूनच ट्रे विकत आणा. आधी ट्रे आणि मग गिऱ्हाईक, असं करू नका.

पुढच्या व्हिडिओत ऑर्डरची चिठ्ठी आणि ॲडव्हान्सची पावती कशी लिहायची ते बघू. तोवर थप्पी उघडून बघायला विसरू नका.

भेटूया!